साक्ष, शील आणि उलटतपासणी : मराठी ख्रिस्ती लेखनातील श्रद्धेचे सार्वजनिक रूप

(१)

धर्मश्रद्धा ही व्यक्तीची खासगी बाब आहे, असे आपल्याकडील सुशिक्षित वर्गात सर्रास म्हटले जाते. ह्या विधानामागे एक चांगला हेतू असतो. कोणाच्या देवघरात कोणी डोकावू नये, हा तो हेतू होय. परंतु श्रद्धा केवळ देवघरापुरती राहत नाही, हेही तितकेच खरे आहे. श्रद्धावान माणूस शाळा काढतो, वर्तमानपत्र चालवितो, मोर्च्यात चालतो, मतदान करतो आणि लिहितोही. त्याच्या ह्या कृतींच्या मुळाशी असलेली श्रद्धा चारचौघांत येते, आणि चारचौघांत आलेली गोष्ट प्रश्नांपासून मुक्त राहू शकत नाही. श्रद्धेने सार्वजनिक जीवनात यावे की नाही, हा प्रश्न म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. ती आलेलीच असते. ती कोणत्या अटींवर येते, हा खरा प्रश्न आहे.

मराठी ख्रिस्ती लेखकांनी ह्या प्रश्नाला जे उत्तर दिले त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हे उत्तर त्यांनी तात्त्विक ग्रंथांतून जितके दिले त्याहून अधिक आत्मकथनांतून, पत्रांतून, नियतकालिकांतून आणि संस्थांच्या उभारणीतून दिले. त्याच्या केंद्रस्थानी दोन शब्द आहेत : 'साक्ष' आणि 'शील'.

ख्रिस्ती मराठीत 'साक्ष देणे' हा नित्याचा वाक्प्रयोग आहे. आपल्या जीवनात देवाने काय केले ते इतरांपुढे सांगणे, असा त्याचा रूढ अर्थ. मात्र मराठी समाज हा शब्द चावडीवरून आणि कचेरीतून ओळखतो. साक्षी म्हणजे ज्याने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले तो. ऐकीव गोष्टीला साक्ष म्हणत नाहीत. साक्ष उघड्यावर द्यावी लागते, आणि ती देणाऱ्याची उलटतपासणी होते. तीत टिकली तरच ती ग्राह्य. शिवाय साक्षीदाराचे चारित्र्य कसे आहे हेही पाहिले जाते. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई आहे, तीही ह्याच न्यायदानाच्या संदर्भात. 'साक्ष' ह्या शब्दाचा हा व्यवहारी अर्थ गांभीर्याने घेतला तर मराठी ख्रिस्ती लेखनाकडे पाहण्याची एक नवी दिशा मिळते. श्रद्धेचे विधान हे साक्षीदाराचे विधान आहे. त्याची किंमत साक्षीदाराच्या शीलावर अवलंबून आहे, आणि ते शील ठरविण्याचा अधिकार साक्षीदाराकडे नसून ऐकणाऱ्यांकडे आहे.

(२)

ह्या प्रश्नाला ठाणे परिसरात फार जुना इतिहास आहे. कळव्याहून पूल ओलांडून खाडीच्या पलीकडे गेले की जुने ठाणे लागते. चौदाव्या शतकात हे गजबजलेले बंदर होते. १३२१ साली येथे चार फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रिउस ही त्यांची नावे. काही काळाने ओदोरिक हा त्याच पंथाचा प्रवासी येथे आला, त्यांच्या अस्थी त्याने सोबत चीनपर्यंत नेल्या आणि आपल्या प्रवासवृत्तात ह्या घटनेची हकीगत सांगितली. ती हकीगत काजीपुढील धर्मविषयक वादाची आणि त्यातून ओढवलेल्या मृत्यूची आहे. ग्रीक भाषेत हुतात्म्यासाठी आणि साक्षीदारासाठी एकच शब्द आहे, 'मार्तुस्'. त्या अर्थाने ही ह्या परिसरातील पहिली नोंदलेली ख्रिस्ती साक्ष ठरते.

पण ती कशाची साक्ष होती? धैर्याची, यात शंका नाही. मात्र ठाण्यातील लोकांनी ह्या साधूंचे जगणे पाहिले नव्हते. त्यांनी पाहिले ते त्यांचे मरण. परक्या प्रदेशातून आलेल्या, वादात सापडलेल्या आणि थोड्याच दिवसांत संपलेल्या माणसांचे शील पारखण्याचा अवकाश स्थानिक समाजाला मिळालाच नाही. मरणाची साक्ष क्षणाची असते, तर जगण्याची साक्ष वर्षानुवर्षे द्यावी लागते.

त्यानंतर दोन शतकांनी परिस्थिती नेमकी उलट झाली. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत उत्तर कोकणातील ख्रिस्ती धर्म हा राज्यकर्त्यांचा धर्म होता. ह्या काळात येथे वस्ती करून राहिलेले धर्मगुरू होते, चर्चे होती, शाळा होत्या. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले आणि मराठी भाषेविषयी परदेशी माणसाला वाटलेल्या प्रेमाचा तो थोर पुरावा ठरला. तथापि श्रद्धेच्या पाठीशी तलवार उभी असली की साक्षीला अर्थ उरत नाही. ज्याला प्रश्न विचारण्याची मुभा नाही त्याच्यापुढे दिलेली साक्ष ही साक्ष नसते, तो हुकूम असतो. देवळे पाडली गेल्याची आणि सक्तीची स्मृती कोकणात व गोव्यात दीर्घकाळ टिकून राहिली. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकाला ही स्मृती वारसा म्हणून मिळाली. आपली श्रद्धा सत्तेच्या आश्रयाने आलेली नाही, हे त्याला शब्दांनी सिद्ध करता येण्याजोगे नव्हते. इंग्रजांचे राज्य असताना तर मुळीच नाही. ते शीलानेच सिद्ध करावे लागणार होते.

(३)

ह्या लेखकांपुढे डोंगरावरील प्रवचनाने घालून दिलेला एक पेच होता. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की दिवा मापाखाली ठेवू नका, तुमची सत्कृत्ये लोकांना दिसू द्या. पुढच्याच अध्यायाच्या आरंभी तो बजावतो की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. दान गुप्तपणे द्या, प्रार्थना दार लावून करा. एका ठिकाणी 'दिसू द्या' आणि दुसऱ्या ठिकाणी 'दाखवू नका'. वरवर पाहता हा विरोध आहे. बारकाईने पाहिले तर नीतीचा एक सूक्ष्म भेद येथे सांगितला आहे. प्रकाशाचा धर्म दिसण्याचा असतो, पण आपण दिसावे असा त्याचा हेतू नसतो. दिव्याच्या उजेडात घर दिसते आणि दिव्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. सत्कृत्याचा हेतू कर्त्याच्या प्रतिष्ठेकडे वळला की त्याचे प्रदर्शन होते, आणि तो गरजवंताकडे राहिला की त्याची साक्ष होते.

सार्वजनिक जीवनातील श्रद्धेची सारी कसोटी ह्या भेदात सामावलेली आहे. मराठी वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. करणी आणि कथनी यांतील अंतरावर वारकरी संतांनी जे कोरडे ओढले आहेत, त्यांचा रोख ह्याच दिशेने आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या मार्गे ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हणत, त्याचे एक कारण हेही असावे की दांभिकतेविषयीची चीड त्यांना दोन्हीकडे सारखीच आढळली.

बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांच्या लेखनात हा भेद अद्याप पुरता उमललेला दिसत नाही. १८५४ साली बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या लेखकाने १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. हिंदू विधवांच्या हालअपेष्टांचे चित्रण करणारी ही कृती मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. यमुना व तिचा पती विनायक प्रवासात ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकतात. पुढे यमुनेवरच वैधव्य कोसळते आणि अखेर तिचा पुनर्विवाह होतो. विधवेच्या दुःखाकडे पाहण्याची पदमनजींची दृष्टी सच्ची आहे. त्या काळात हा विषय कथात्म रूपात आणणे हेच मोठे नैतिक कृत्य होते. तथापि कादंबरीच्या रचनेत एक उणीव राहते. ख्रिस्ती मताकडे झुकलेली पात्रे सद्गुणी असतात, त्यांना निरुत्तर करील असा प्रश्न कोणी विचारीत नाही. म्हणजे येथे साक्ष आहे, पण उलटतपासणी नाही. शील हे मताच्या खरेपणाचा पुरावा म्हणून आगाऊ मांडलेले आहे, ते प्रसंगातून कमावलेले नाही. प्रचारकी वाङ्मयाची ही मर्यादा केवळ ख्रिस्ती लेखनापुरती नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. बोधवादी कादंबरीत ती सर्वत्र आढळते.

(४)

उलटतपासणीला प्रत्यक्ष सामोरे जावे लागले ते पंडिता रमाबाईंना (१८५८-१९२२). त्यांच्या सार्वजनिक आयुष्याच्या आरंभीच्या काळातच अक्षरशः साक्षीचा प्रसंग आला, हा योगायोग लक्षणीय आहे. १८८२ साली पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मराठीतून साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्रीशिक्षिका हव्यात आणि स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण मिळाले पाहिजे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. त्या वेळी त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. दुर्बलांच्या बाजूने उघडपणे बोलण्याची त्यांची वृत्ती धर्मांतरातून निर्माण झाली नाही, ती आधीचीच होती. नव्या श्रद्धेने त्या वृत्तीला नवा आधार दिला, असेच म्हणावे लागेल.

हा आधार स्वीकारतानाही त्यांनी आपला विवेक गहाण टाकला नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात ह्याचा पुरावा मिळतो. ज्या बाईंनी त्यांना आश्रय दिला, धर्मशिक्षण दिले, त्यांच्याशीच रमाबाई ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी आणि चर्चच्या अधिकाराविषयी वाद घालतात. एका पुरोहितशाहीतून बाहेर पडलेली स्त्री दुसरीपुढे मान तुकवावयास तयार नव्हती. त्यांच्या मते श्रद्धेचा अखेरचा निवाडा स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीने करावयाचा होता. ख्रिस्ती नीतीतील 'आज्ञापालन' ह्या मूल्याला त्यांनी येथे मर्यादा घातली.

खरी परीक्षा १८९३ मध्ये झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढल्याच वर्षी पुण्यास हलविण्यात आले होते. बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या दहा वर्षांच्या साहाय्यावर ही संस्था उभी होती आणि ती धर्मनिरपेक्ष राहील अशी ग्वाही देण्यात आली होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक तिच्या सल्लागार मंडळात होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ख्रिस्ती धर्माकडे आकृष्ट झाल्या, आणि पुण्यात वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि सल्लागार मंडळाने राजीनामे दिले.

ह्या वादाकडे सनातनी विरुद्ध सुधारक अशा सोप्या चौकटीतून पाहण्याची सवय पडली आहे. ती येथे पुरेशी नाही, कारण राजीनामे देणारे स्वतः सुधारक होते. त्यांचा प्रश्न वचनाविषयी होता. ज्या संस्थेच्या तटस्थतेची हमी आपण पालकांना दिली, तेथे संचालिकेचे खासगी आचरण मुलींवर प्रभाव पाडीत असेल तर हमी पाळली गेली असे म्हणावे काय? रमाबाईंचे उत्तर असे होते की त्यांनी कोणावर सक्ती केली नाही, शिकवणीत धर्म आणला नाही, मात्र स्वतःची प्रार्थना त्या दार बंद करून चोरून करणार नाहीत आणि येणाऱ्या मुलीला घालवून देणार नाहीत. दोन्ही बाजूंना नैतिक बळ आहे. अनाथ, आश्रित, अल्पवयीन मुलीची निवड कितपत स्वतंत्र असते, ही शंका रास्त आहे. आणि जिने आपली श्रद्धा कधी लपविली नाही तिने ती आपल्याच घरात लपवावी, ही अपेक्षा अवघड आहे, हेही खरे आहे. 'दिसू द्या' आणि 'दाखवू नका' यांमधील पेच येथे पुस्तकातून उठून पुण्याच्या एका वाड्यात आला.

ह्या प्रसंगाचे मोल निकालात नाही. रमाबाईंनी प्रश्न टाळले नाहीत, संस्था बंद केली नाही, आणि दहा वर्षांची मुदत संपल्यावर, १८९८ पासून, आपले कार्य उघडपणे ख्रिस्ती म्हणून पुढे नेले. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया राहिल्या. त्यांना विणकाम, छपाई, शेती असे उद्योग शिकविले गेले. संस्थेचे स्वरूप काय आहे हे आता सर्वांना ठाऊक होते. शंका विचारणारे पुढेही राहिलेच, पण त्यांना काय विचारावयाचे आहे हे स्पष्ट होते. श्रद्धेने सार्वजनिक जीवनात येण्याची पहिली अट ह्यातून सांगता येते : संस्थेवरची पाटी आणि आतला व्यवहार एक असावा.

रमाबाईंच्या शीलाची आणखी एक बाजू आहे. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. सरकार ख्रिस्ती धर्मीयांचे होते आणि तक्रार करणारीही ख्रिस्ती होती. आपला धर्म हा राज्यकर्त्यांच्या बाजूचा धर्म नव्हे, हे दाखविण्याचा याहून सरळ मार्ग नव्हता. वसईच्या काळापासून चालत आलेल्या संशयाला हे कृतीने दिलेले उत्तर होते.

(५)

सार्वजनिक कार्यकर्त्याची सर्वांत अवघड उलटतपासणी घरात होते. मराठी वाङ्मयात तिची नोंद एका अद्वितीय ग्रंथाने केली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. तिच्या विनोदाचे आणि बोलीच्या सहजतेचे पुष्कळ कौतुक झाले आहे. तिच्यातील नैतिक चिकित्सेकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.

रेव्हरंड टिळक (१८६१-१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात घेतलेले नव्हते. सत्यासाठी सर्वस्वाचा त्याग, असे चरित्रकार ह्या घटनेचे वर्णन करतील. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला मात्र कळते की त्या सर्वस्वात दुसऱ्या एका माणसाचे आयुष्यही होते आणि त्या माणसाला विचारलेले नव्हते. लक्ष्मीबाईंचा आकांत, पुढील काही वर्षांची ताटातूट, नातलगांचे सल्ले हे सारे त्या सांगतात. टिळकांवर त्या फिर्याद करीत नाहीत, पण त्यांची सुटकाही करीत नाहीत. हाती आलेला पैसा समोरच्या गरजवंताला देऊन मोकळा होणारा पती आणि उद्याच्या भाकरीची विवंचना करणारी पत्नी, हे ह्या ग्रंथातील पुन्हा पुन्हा येणारे चित्र आहे. वाचक हसतो, पण त्याला हेही जाणवते की एकाच्या औदार्याचा हिशेब दुसऱ्याला चुकता करावा लागतो आहे. ख्रिस्ती नीतीतील त्याग हे मूल्य येथे प्रथमच स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिले गेले.

ही साक्ष मोलाची ठरते ती साक्षीदार पूर्वग्रहमुक्त आहे म्हणून नव्हे. तिने सारे जवळून पाहिले आहे आणि काही लपविले नाही, म्हणून ती मोलाची आहे. टिळकांचा तापटपणा, विसरभोळेपणा आणि अव्यवहारीपणा सांगणारी लेखणीच त्यांच्या ममतेविषयी सांगते, दुष्काळात घरी आणलेल्या अनाथ मुलांविषयी सांगते, आणि त्या ममतेवर वाचकाचा विश्वास बसतो. दोष झाकलेल्या चरित्राला हे साधत नाही. लक्ष्मीबाईंचे स्वतःचे परिवर्तनही असेच आहे. जातिभेद ईश्वराने केलेला नाही ही जाणीव त्यांना बाप्तिस्म्यापूर्वी, स्वतःच्या विचाराने झाली आणि सोवळेओवळे गळून पडले. आधी आचरण बदलले, विधी मागाहून, १९०० साली झाला. शील हे विधीचे फळ नाही, किंबहुना काही वेळा विधी हा शीलाचा परिणाम असतो, असे ह्या क्रमातून दिसून येते.

टिळकांनाही आयुष्याच्या अखेरीस असाच काही निष्कर्ष गवसलेला दिसतो. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा हा बंधुसंघ होता. दोन वर्षांतच टिळकांचे निधन झाल्याने तो फारसा रुजला नाही. परंतु पगार सोडण्यामागील आणि बाप्तिस्म्याची अट काढून टाकण्यामागील विचार एकच होता. श्रद्धेला परकीय पैशाच्या आणि संख्येच्या हिशेबातून सोडविल्याखेरीज तिची साक्ष विश्वासार्ह होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ही दुसरी अट म्हणता येईल.

(६)

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्नाची चौकट बदलली. भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्माचे प्रकटीकरण, आचरण व प्रसार करण्याचा हक्क सर्वांना दिला, आणि त्याचबरोबर तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन ठेवला. ख्रिस्ती माणूस आता राज्यकर्त्यांचा सहधर्मी राहिला नाही, तो एक नागरिक झाला. कॅथलिक चर्चमध्येही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) जगाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. चर्चने जगापासून अलग न राहता, विशेषतः दरिद्री आणि पीडित माणसांच्या सुखदुःखात सहभागी व्हावे, असा विचार पुढे आला.

ह्या दोन्ही परिवर्तनांचा संगम फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या कार्यात आढळतो. वसईजवळच्या नंदाखाल येथे जन्मलेले दिब्रिटो १९८३ ते २००७ ह्या काळात 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. धर्मप्रांताचे हे नियतकालिक त्यांच्या हाती सामाजिक आणि वाङ्मयीन चर्चेचे व्यासपीठ झाले, आणि ख्रिस्तेतर लेखकही त्यात लिहू लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वसई परिसरातील शेते, बागा आणि विहिरी वाढत्या बांधकामांच्या तावडीत सापडू लागल्या. भूगर्भातील पाण्याचा बेसुमार उपसा, जमिनींचे व्यवहार आणि त्यामागील दहशत यांविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, त्याचे एक प्रमुख नेते दिब्रिटो होते. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर हा स्वतंत्र जिल्हा २०१४ मध्ये झाला.

ह्या लढ्याचे नैतिक स्वरूप विचारात घेण्याजोगे आहे. एक धर्मगुरू पाण्यासाठी रस्त्यावर आला, पण पाणी ख्रिस्ती लोकांसाठी मागितले गेले नाही. विहीर आटली की ती साऱ्या गावासाठी आटते. लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात 'माझा शेजारी कोण' ह्या प्रश्नाचे उत्तर येशूने धर्माच्या आणि जातीच्या सीमेबाहेर नेले. तेच उत्तर येथे पाण्याच्या आणि मातीच्या भाषेत आले. दिब्रिटो यांनी त्यासाठी धर्मग्रंथाची प्रमाणे पुढे करून इतरांना निरुत्तर केले नाही. सर्वांना समजेल आणि सर्वांना खोडता येईल अशा नागरी युक्तिवादाचा आधार त्यांनी घेतला. श्रद्धेने प्रेरणा द्यावी, पण सार्वजनिक मागणी सर्वांना तपासता येईल अशा भाषेत करावी, ही तिसरी अट म्हणून नोंदविता येईल.

ह्याच दिब्रिटो यांची उलटतपासणी २०१९-२० मध्ये झाली. उस्मानाबाद येथे १० ते १२ जानेवारी २०२० रोजी भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. ह्या पदावर येणारे ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. निवड जाहीर होताच विरोध सुरू झाला आणि आयोजकांना धमक्यांचे दूरध्वनी आले. 'सुबोध बायबल', 'ओॲसिसच्या शोधात', 'नाही मी एकला' यांसारख्या लेखनाच्या वाङ्मयीन गुणांविषयी वाद घालण्यास कोणाचीच हरकत नसावी. संमेलनाध्यक्षांच्या निवडीवर असे वाद नेहमीच झाले आहेत. परंतु येथे मुख्य आक्षेप लेखनावर नव्हता, तो झग्यावर होता.

१८९३ आणि २०२० ह्या दोन प्रसंगांतील अंतर येथे स्पष्ट होते. रमाबाईंना एका विशिष्ट वचनाविषयी आणि विशिष्ट वर्तनाविषयी प्रश्न विचारला गेला होता. प्रश्न कठोर होता, प्रसंगी द्वेषाने विचारलेला होता, पण त्याला उत्तर देता येत होते. दिब्रिटो यांच्या बाबतीत काही विरोधकांनी वर्तनाचा विचारच केला नाही. माणसाच्या धर्मावरून त्याचे शील आगाऊ ठरविले. साक्षीदाराला बोलू देण्यापूर्वीच साक्ष खोटी ठरविली तर ती उलटतपासणी राहत नाही. पदमनजींच्या कादंबरीतील दोष, म्हणजे धर्मावरून सद्गुण गृहीत धरणे, येथे उलट्या रूपात दिसतो : धर्मावरून दुर्गुण गृहीत धरणे. दोन्ही ठिकाणी शीलाची परीक्षा टळते. संमेलन ठरल्याप्रमाणे पार पडले आणि प्रकृती साथ देत नसतानाही दिब्रिटो उद्घाटनाला उपस्थित राहिले, ही नोंद मराठी सार्वजनिक जीवनाच्या बाजूने केली पाहिजे. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

(७)

आतापर्यंतच्या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मराठी ख्रिस्ती लेखनाच्या इतिहासात श्रद्धेचे सार्वजनिक रूप हळूहळू मताच्या प्रतिपादनाकडून शीलाच्या परीक्षेकडे सरकत आले आहे. पदमनजींनी शील हा मताचा पुरावा मानला. रमाबाईंनी ते समाजाच्या प्रश्नांपुढे उभे केले, लक्ष्मीबाईंनी घराच्या प्रश्नांपुढे, आणि दिब्रिटो यांनी नागरिकांच्या. ह्या वाटचालीत तीन अटी हाती येतात. बाहेरची पाटी आणि आतला व्यवहार एक असावा, श्रद्धा सत्तेच्या, पैशाच्या आणि संख्येच्या हिशेबापासून मोकळी असावी, आणि तिची सार्वजनिक मागणी इतरांना तपासता येईल अशी असावी. ह्या अटी ख्रिस्ती अनुभवातून निघाल्या असल्या तरी त्या केवळ ख्रिस्ती नाहीत. कोणत्याही श्रद्धेला, आणि कोणत्याही विचारसरणीला, त्या लावून पाहता येतील.

त्यांच्या जोडीला एक चौथी अट आहे, आणि ती ऐकणाऱ्यांवर आहे. साक्ष ऐकून घेतल्यावाचून निवाडा करू नये. कळवा, मुंब्रा, दिवा यांसारख्या खाडीअलीकडच्या उपनगरांत कोकणातून, देशावरून, खानदेशातून आणि उत्तर भारतातून आलेली निरनिराळ्या धर्मांची माणसे एका चाळीत आणि एका लोकलच्या डब्यात राहतात, वावरतात. तेथे शेजाऱ्याचा धर्म कोणता हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्यावरून त्याच्याविषयी मत बनविणे सर्वांत सोपे असते. पण शेजारी नळावरची बारी पाळतो काय, आजारपणात दार उघडतो काय, घेतलेले उसने परत करतो काय, हेही तेथे रोज दिसते. शीलाची अशी नित्य परीक्षा शक्य असताना नावावरून आणि वेषावरून निकाल देणे, हा आळस आहे. धर्मग्रंथांच्या भाषेत सांगावयाचे तर ती शेजाऱ्याविरुद्धची खोटी साक्ष आहे, कारण जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे सांगितले जाते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आजवर बहुधा धर्मांतराचा इतिहास म्हणून अथवा भाषेचे आणि मुद्रणाचे योगदान म्हणून झाला आहे. दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत. परंतु ह्या वाङ्मयात नीतिविचाराचा एक सलग प्रवाह आहे आणि तो मराठी सार्वजनिक जीवनाशी सतत झगडत, त्याच्याकडून प्रश्न स्वीकारीत घडला आहे. 'सुवार्ता' आणि त्यासारख्या नियतकालिकांच्या जुन्या अंकांतून, रमाबाईंच्या पत्रव्यवहारातून आणि वसईच्या चळवळीत लिहिल्या गेलेल्या साहित्यातून ह्या प्रवाहाचा तपशीलवार शोध घेणे हे पुढील अभ्यासकांचे काम आहे.